वाट म्हणजे पाळी, मान नव्हे

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर बोललो. जेवणानंतर बोलायला उठणाऱ्याची पंचाईत असते. पोटात भाकर गेलेली, डोळ्यावर झापड आलेली. तरी आम्ही ही वेळ मुद्दाम मागून घेतली. कारण बैठक संपली की इथला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या चाकावर बसून घरी जाणार आहे, आणि दिवेलागणीच्या वेळेला जाणार आहे. आमचा विषय तेवढाच आहे : घरी धड पोचणे आणि दुसऱ्याला पोचू देणे.

काहींना वाटेल, गाडी कशी चालवावी हे सांगायचे काम आरटीओचे. चळवळीच्या बैठकीत ते कशाला? आम्हालाही तसेच वाटायचे. मग आमच्या गावाजवळ एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो.

उभी राहिलेली ट्रॉली

ट्रॉली आमच्याच गावातल्या एका घरची. परके घर नव्हे, बैठकांना येणारे घर. जानेवारीचे दिवस होते. जिनिंगवर कापूस मोजून देऊन रिकामी ट्रॉली परत येत होती. फाट्याच्या अलीकडे टायर बसले. पोरांनी ट्रॉली डांबरावरच उभी केली, चाकांना दगड लावले, चाक काढून ट्रॅक्टरवर टाकले आणि ते तालुक्याला पंक्चर काढायला गेले. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता. लाल काच कधी काळी होती, ती कडबा भरताना फुटली होती. शेजारच्या गावचा एक तरुण डेअरीवर दूध घालून मोटरसायकलने घरी चालला होता. समोरून ट्रक आला, पूर्ण प्रकाश टाकून. पोराचे डोळे दिपले. पुढचे सांगायला नको.

त्या रात्री आम्ही सगळे त्या घरी जमलो. आमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघाले असेल? "पोरगा पिलेला असेल." दुसरे निघाले, "आजकालची पोरं गाडी उडवतातच." पोरगा पिलेला नव्हता, आणि तो उडवतही नव्हता. पण आम्हाला आमच्या माणसाची बाजू घ्यायची होती. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या वाटेने गेलो. ट्रॉली कधीच नेली होती. चाकांना लावलेले दगड मात्र तसेच डांबरावर पडले होते. एक जीव गेल्यावरही ते उचलायचे कोणाला सुचले नव्हते. त्या दिवशी आम्हाला लाज वाटली. आजचे बोलणे त्या लाजेतून आले आहे.

मोठ्याचा कायदा

रस्त्यावर एक न लिहिलेला कायदा चालतो : मोठी गाडी आधी. ट्रक आला की जीप बाजूला. जीप आली की मोटरसायकल बाजूला. मोटरसायकल आली की सायकलवाला आणि पायी चालणारा बाजूला. बैलबंडीला तर कोणी विचारतच नाही. बाजारात ज्याची थैली मोठी त्याचा भाव, तसे रस्त्यावर ज्याचे चाक मोठे त्याची वाट.

हा कायदा आपल्या वाडवडिलांनी सोसला आहे. मागून कर्णा वाजला की त्यांनी भरली बंडी काळ्या चिखलात उतरवली. आख मोडला तरी ट्रकवाल्याने मागे वळून पाहिले नाही. आपण त्याला शिव्या दिल्या आणि बरोबर दिल्या.

पण नंतर काय झाले? आपल्या घरी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर बसताक्षणी आपण तोच कायदा उचलला. गावाचा रस्ता म्हणजे जेमतेम पावणेचार मीटरची डांबरी पट्टी. समोरून सायकलवर पोरगी शाळेत चालली आहे, तर कोणी उतरायचे? आपण ट्रॅक्टरचे पुढचे चाक तसूभर हलवत नाही. ती पोरगी साइडपट्टीवर उतरते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीवर सायकल उतरली म्हणजे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. ट्रकवाल्याने आपल्याशी जे केले, तेच आपण तिच्याशी करतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

या कायद्याचा हिशेब सरकारी कागदावर आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. मेलेल्या दर १०० माणसांत ४४ दुचाकीवरची होती आणि १९ पायी चालणारी. दर १०० मृत्यूंपैकी सुमारे ६८ ग्रामीण भागात झाले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या गर्दीत माणसे मरतात आणि आपण सुखरूप, हा समज खोटा आहे. मरतो तो बहुतेक खेड्याच्या वाटेवरचा, लहान चाकावरचा किंवा बिनचाकाचा माणूस. तो आपल्याच घरचा आहे.

आपल्याला पाळी कळते

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे आम्हाला मान्य नाही. चार भावांची एक विहीर असते. कोणाचे पाणी कोणत्या दिवशी, हे ठरलेले असते. थोरला आहे म्हणून त्याने धाकट्याच्या पाळीत मोटार सुरू केली तर अख्खा गाव नाव ठेवतो. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रापुढे बंड्यांच्या रांगा लागत. थंडीत रात्र रात्र काढली, पण नंबर सोडून कोणी घुसला तर त्याचे बैल तिथेच अडवले. पांदणीत समोरून भरली बंडी आली की रिकामीवाला आपले बैल बाजूला घेतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

बांधावरून वावरात जायच्या वाटेचे भांडण घ्या. जमीन महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली तहसीलदारापुढे ते चालते. तिथे कोणाची जमीन जास्त, हे बघत नाहीत. आपल्या वावरात जायला याला रस्त्याची गरज आहे का, एवढे बघतात. वाट मिळते ती गरजेवर, मोठेपणावर नाही.

मग डांबरावर गेल्यावर आपली मती का फिरते? आम्हाला वाटते, तिथे आपण वाटेला पाळी समजत नाही, मान समजतो. पोळ्याला मानाचा बैल तोरणाखालून आधी जातो. त्यावरून गावात भांडणे होतात, कारण तिथे प्रश्न इभ्रतीचा असतो. रस्त्यावरही आपण तेच मनात धरतो. त्याने ओव्हरटेक केले म्हणजे माझा अपमान झाला. मी आधी थांबलो म्हणजे मी दबलो. भावांनो, रस्ता म्हणजे पोळ्याचे तोरण नव्हे. रस्ता सामाईक विहीर आहे. तिथे मान नसतो, पाळी असते. वाट देणारा लहान होत नाही आणि घेणारा मोठा होत नाही.

खरा कायदा काय सांगतो

लिहिलेला कायदा मोठ्याच्या बाजूने नाही. तो पाळीचाच कायदा आहे. त्यातल्या आपल्या रोजच्या कामाच्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्याने थांबायचे. गावाच्या फाट्यावरून आपण हायवेला लागतो, तेव्हा पाळी हायवेवरच्याची. तो ट्रक आहे की लूना, याला महत्त्व नाही.

दुसरी. दोन सारखे रस्ते एकमेकांना छेदतात आणि तिथे पोलीस नाही, सिग्नल नाही, तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे.

तिसरी. घाटात अरुंद जागी चढणाऱ्याची पाळी आधी, उतरणाऱ्याने थांबायचे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे कठीण. आपल्या पांदणीतल्या भरल्या बंडीचाच हा नियम आहे.

चौथी. पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांवर पाळी त्यांची. बाजाराच्या गावी शाळेपुढे त्या पट्ट्या असतात. आपण त्यांना रांगोळी समजतो.

पाचवी. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांना सगळ्यांनी वाट द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. आपल्याला मात्र दंडाची भीती घालायची गरज नसावी. रास्ता रोकोत आपण ट्रक अडवले, बस अडवल्या. रुग्णवाहिका आली की आपलीच पोरे पुढे होऊन वाट करून देतात. आंदोलनाच्या दिवशी जे जमते, ते रोज जमले पाहिजे.

इथे कोणी शहाणा विचारेल, भरल्याला वाट द्यायची, तर मग ट्रकलाच आधी जाऊ द्यावे. त्याला लवकर थांबता येत नाही. प्रश्न चांगला आहे. पण ओझे आणि वेग यांत फरक आहे. ओझे वाहणे हे काम आहे, त्याची अडचण आपण समजून घेऊ. वेग ज्याने त्याने आपल्या पायाने घेतलेला असतो. स्वतः पळत सुटायचे आणि दुसऱ्याला म्हणायचे, मला थांबता येत नाही, तू खड्ड्यात जा. ही अडचण नव्हे, दांडगाई आहे. २०२२ च्या त्याच अहवालात दर १०० मृत्यूंपैकी ७१ अतिवेगाच्या नावावर मांडले आहेत.

डोळ्याचे गणित

आता रात्रीचे गणित करू. भावाचे गणित आपण करतो, तसेच हेही करता आले पाहिजे.

मोटरसायकल ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडी जास्त. समोर काही दिसले, ते डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेली. मग ब्रेक लागून कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. झाले ४५ मीटर. डिपरच्या उजेडात मातकट रंगाची ट्रॉली फार तर ४०-५० मीटरवर दिसते. म्हणजे सगळे नीट असले तरी जेमतेम थांबता येते. गिट्टी सांडलेली असेल, टायर घासलेले असेल, तर नाही.

त्यात समोरून कोणी पूर्ण प्रकाश टाकला तर? दिपलेला डोळा ठिकाणावर यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ५० मीटर किंवा त्याहून जास्त आंधळी चालते. म्हणून समोरून वाहन येताना डिपर देणे, हा शिष्टाचार म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. तुम्ही दुसऱ्याचे डोळे आपल्या अंगठ्याखाली घेऊन बसलेले असता. "त्याने दिला नाही म्हणून मीही देणार नाही", हे म्हणणे म्हणजे तो आंधळा चालतो तर मीही त्याला आंधळाच ठेवतो, असे आहे. आणि तो आंधळा येणार तुमच्याच अंगावर.

याच ट्रॉलीच्या मागे चमकपट्टी असती, तर गाडीच्या दिव्यात ती दोनशे मीटरवरूनही चमकली असती. एका ट्रॉलीला पुरेल एवढी पट्टी दहा-बारा किलो कापसाच्या पैशात येते. त्या पोराचा जीव आम्ही दहा-बारा किलो कापसाला महाग धरला.

आपले आजे बंडीखाली कंदील टांगून बाजाराला जात. बैलांना वाट दिसावी आणि दुसऱ्याला बंडी दिसावी, दोन्ही कामे तो कंदील करी. आपण ट्रॅक्टर आणला आणि कंदील मागे ठेवला.

आपल्या घरचा केर

ट्रकवाल्यांना सांगायला आम्ही त्यांच्या अड्ड्यावर जाऊ. इथे आपण आपल्यात बसलो आहोत, तर आपल्या घरचा केर काढू.

कडबा आणि पऱ्हाट्या. कडब्याची गाडी भरली की ती दोन्ही बाजूंना रस्ताभर पसरते. मागचा दिवा असला तरी पेंढ्यांनी झाकला जातो. कापसावरची ताडपत्री लोंबते, तिनेही तो झाकतो. भरून झाल्यावर एकाने दहा पावले मागे जाऊन बघावे : दिवा, पट्टी दिसते का? दिसत नसेल तर पट्टी लावलेली फळी भाराच्या वरून बांधावी. पऱ्हाट्यांचा भार शक्यतो उजेडी न्यावा.

वळणे. ट्रॅक्टरच्या आवाजात मागचा कर्णा ऐकू येत नाही, आरसा बहुतेकांनी काढून ठेवलेला. डावीकडून चाललेला ट्रॅक्टर अचानक उजवीकडे वावरात वळतो, तेव्हाच मागचा मोटरसायकलवाला पुढे निघालेला असतो. आरसा लावा. वळायच्या बऱ्याच आधी हात दाखवा, मान वळवून पाहा, मगच वळा. उजव्या इंडिकेटरचा तर आपण पार घोळ केला आहे. कोणी तो "मी वळतो" म्हणून लावतो, कोणी "तू पुढे जा" म्हणून. एका खुणेचे दोन अर्थ झाले की एका अर्थाने माणूस मरतो. उजवा दिवा म्हणजे मी उजवीकडे येतो, एवढाच अर्थ ठेवू.

खळे. सुगीत तूर, सोयाबीन, ज्वारीची कणसे आपण डांबरावर पसरतो. भोवती दगड मांडतो. गावात खळ्याला जागा उरली नाही, हे खरे. पण दाण्यांवरून दुचाकी कशी घसरते, ते आपण पाहिले आहे. ग्रामपंचायतीकडे खळ्याची जागा मागू, भांडून मागू. तोवर निदान रात्री रस्त्यावर माल आणि दगड राहणार नाहीत, एवढे तर आपल्या हातात आहे.

पोरे. दहावीतला पोरगा ट्रॅक्टर हाकतो आणि बाप कौतुकाने सांगतो. आता कायदा असा आहे की अठरा वर्षांखालच्या पोराने गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द. कौतुक महागात पडते.

मायबहिणी. वेचणीला, निंदणीला बायांना ट्रॉलीत उभे करून नेतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि हिंगोली जिल्ह्यातून कामाला आलेल्या सात शेतमजूर बाया गेल्या. ट्रॉली माल वाहायला आहे. ट्रॅक्टरवर जागा एकाची, चालवणाऱ्याची. मडगार्डवर बसलेला आणि ट्रॉलीत उभा राहिलेला माणूस विम्याच्या हिशेबात बहुधा धरला जात नाही.

आणि विमा. ट्रॅक्टरचा विमा काढलेला असतो, तोही कर्ज देणाऱ्या बँकेने काढायला लावला म्हणून. ट्रॉलीचा नसतो. अशी घरे आमच्या गावातही आहेत. विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाने घरातून द्यायची. आपल्या घरातून म्हणजे वावरातून. त्या जानेवारीनंतर दोन घरे बुडाली. एका घरचा पोरगा गेला, दुसऱ्याचे वावर जायची वेळ आली. दोन्ही घरे कोरडवाहू, दोन्ही कापूसवाली.

पडलेल्याला उचला

एक शेवटचे. अपघात दिसला की आपण गाडी पळवतो. पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती. ती भीती पूर्वी खोटी नव्हती. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला चांगल्या मनाने दवाखान्यात नेणाऱ्यावर आता खटला होत नाही. त्याच्यावर नाव-गाव सांगायची सक्तीही नाही. १०८ वर फोन लावा, जखमीला एकटे सोडू नका. आणि ज्याच्या गाडीने धडक बसली, त्याने तर जखमीला दवाखान्यात पोचवायचे आणि पोलिसांना कळवायचे, हे त्याचे कायदेशीर कर्तव्यच आहे. जमावाच्या माराची भीती असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जावे, पण खबर द्यावी. पळून जाऊ नये.

आजचे ठराव

बैठकीपुढे चार ठराव मांडतो. हात वर करायच्या आधी विचार करा, कारण हे ठराव सरकारला पाठवायचे नाहीत, स्वतःला लागू करायचे आहेत.

एक. पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना बेगड लावतो. त्याच दिवशी बंडीच्या मागच्या फळीला लाल चमकपट्टी लावायची. आणि सीतादही करून पहिली वेचणी सुरू होईल, त्याच्या आधी गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल, बाजूंना पिवळी पट्टी लागलेली असेल. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याची पट्टी गावच्या शाखेने घ्यायची.

दोन. गाडी बंद पडली तर ती डांबराखाली उतरवायची. उतरत नसेल तर एक माणूस बॅटरी घेऊन मागे पन्नास पावलांवर उभा राहील. आणि निघताना दगड उचलायचे.

तीन. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती चावी नाही. ट्रॉलीला विमा नसेल तर ट्रॉली रस्त्यावर नाही.

चार. अरुंद रस्त्यावर समोरून लहान चाकाचा माणूस आला, तर उतरायचे ते आपल्या मोठ्या चाकाने. ट्रॅक्टरचे चाक चिखलात जाऊन परत येते, सायकलचे येत नाही.

तुम्ही विचाराल, आपण वाट दिली तर ट्रकवाला आपल्याला देईल का? उद्या देणार नाही. परवाही कदाचित देणार नाही. पण आपल्याकडून शेजारच्या गावच्या पोराला तर मिळेल. ट्रकवाल्याच्या दारी पाळी मागायला जायचे, तर आपण ती आधी पाळलेली असली पाहिजे. नाहीतर आपणही मोठ्याचाच कायदा चालवतो, फक्त चाक थोडे लहान, एवढेच उरते.

आता पाच वाजत आले. बाहेर चार ट्रॉल्या उभ्या आहेत; आम्ही येताना मागून पाहून आलो. एकीलाच पट्टी आहे. गावच्या शाखेने आज पट्टीची गुंडाळी आणली आहे, कातरही आहे. चहा होईपर्यंत उरलेल्या तीन ट्रॉल्यांना लावून घेऊ आणि मग निघू. सावकाश जा.